सहा देशांपलीकडचा युरोप : प्रस्तावना

युरोपातलं रग्बी म्हटलं की सहाच देशांची नावं पुढे येतात. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड, फ्रान्स आणि इटली. दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांची ‘सिक्स नेशन्स’ स्पर्धा असते. ट्विकनहॅमपासून रोमपर्यंतची मैदानं तुडुंब भरतात आणि वर्तमानपत्रांची क्रीडापानं दुसरं काही छापायला तयार नसतात. पण त्याच थंडीत, बऱ्याचदा त्याच शनिवारी, तिबिलिसी, बुखारेस्ट, लिस्बन आणि ब्रुसेल्समध्येही देशादेशांचे सामने चालू असतात. त्यांना ना मोठी जाहिरात मिळते, ना दूरदूरचे प्रेक्षक. स्क्रम मात्र तितक्याच जोराने भिडतात आणि निकालावर कधीकधी चार वर्षांचं भवितव्य ठरतं. हे पुस्तक त्या दुसऱ्या युरोपाचं आहे. तो युरोप एकत्र बांधून ठेवणाऱ्या संघटनेचं आजचं नाव ‘रग्बी युरोप’. तिचं कार्यालय पॅरिसमध्ये आहे आणि चाळीसहून अधिक देश तिचे सदस्य आहेत.

खंडाची संघटना म्हणजे काय, हे मराठी वाचकाला क्रिकेटवरून सहज समजेल असं वाटतं, पण तसं होत नाही. क्रिकेटमध्ये आशियाई परिषद असली तरी खरी सत्ता कुठे आहे, हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. फुटबॉलमध्ये उलटं आहे. तिथे युरोपची संघटना इतकी बलाढ्य आहे, की खंडातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धा तिच्याच हातात आहेत. रग्बीची युरोपीय संघटना या दोन्हींहून निराळी आहे. खंडातले बहुतेक देश तिच्याकडे आहेत, पण सर्वांत श्रीमंत स्पर्धा तिच्याकडे नाही. ‘सिक्स नेशन्स’ ही मुख्यतः त्या सहा देशांच्या मालकीची स्वतंत्र कंपनी आहे. तिच्यात कुणी यायचं आणि कुणी नाही, हे ठरवण्याचा अधिकार खंडाच्या संघटनेला कधीच मिळालेला नाही. या पुस्तकातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट या विसंगतीपाशी येऊन थांबते. ती समजून घ्यायची तर १९३१ सालापर्यंत मागे जावं लागतं.

रग्बीच्या आंतरराष्ट्रीय मंडळाची सुरुवात १८८६ साली झाली. स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स यांनी ते स्थापन केलं आणि इंग्लंड १८९० मध्ये आलं. फ्रान्सला १९१० पासून या चौघांबरोबर खेळायला मिळू लागलं, पण मंडळात जागा मिळाली नाही. खेळायला बोलवायचं, निर्णयाला बोलवायचं नाही, अशी ती व्यवस्था होती. फ्रान्समध्ये खेळ झपाट्याने वाढला, विशेषतः दक्षिणेकडे. गावागावांच्या क्लबांत चुरस लागली, चुरशीत पैसा आला आणि पैशाबरोबर मैदानावरची मारहाणही आली. १९२७ मध्ये कियॉं क्लबचा हूकर गास्तों रिव्हिएर सामन्यातल्या दुखापतीने मरण पावला. १९३० मध्ये आजां क्लबचा मिशेल प्रादिए हा अठरा वर्षांचा मुलगा अजिंक्यपदाच्या उपांत्य सामन्यात टॅकल होऊन गेला. त्याच वर्षी पॅरिसजवळ कोलोंबच्या मैदानावर वेल्सविरुद्धचा सामना इतका हिंसक झाला, की ब्रिटिश संघटनांचा संयम संपला. खुद्द फ्रान्समधल्या काही मोठ्या क्लबांनीही आपल्या महासंघाचा कारभार सहन न होऊन वेगळी चूल मांडली. अखेर मार्च १९३१ मध्ये चारही ब्रिटिश संघटनांनी फ्रान्सशी संबंध तोडले. तुमच्याकडे खेळाडूंना चोरून पैसे दिले जातात आणि शिस्त उरलेली नाही, हे त्यांचं कारण होतं. ते खोटं नव्हतं. पण निवाडा करणारेही तेच आणि शिक्षा देणारेही तेच, आणि फ्रान्सला बाजू मांडायला त्या टेबलाशी खुर्चीच नव्हती, हेही तितकंच खरं.

आता खेळायचं कुणाशी? खेळाच्या इतिहासात या प्रश्नाइतका कळीचा प्रश्न दुसरा नाही. धावपटू एकटा घड्याळाविरुद्ध धावू शकतो. रग्बी खेळणाऱ्या देशाला दुसरा देश लागतो, तोही जवळचा, आपल्या तोडीचा किंवा थोडा वरचढ, आणि दर वर्षी येणारा. फ्रान्सने शेजाऱ्यांकडे पाहिलं. जर्मनीत रग्बी जुनं होतं, इटलीत रुजू लागलं होतं. रोमानियात पॅरिसहून शिकून परतलेल्या विद्यार्थ्यांनी ते नेलं होतं, आणि १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रोमानियाला कांस्यपदकही मिळालं होतं. जानेवारी १९३४ मध्ये पॅरिसमध्ये या देशांनी आणि आणखी काहींनी मिळून हौशी रग्बीचा एक आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन केला. फ्रेंच नावाच्या आद्याक्षरांवरून तो ‘फिरा’ म्हणून ओळखला गेला. आजच्या रग्बी युरोपचं मूळ ते. बहिष्कारातून, गरजेपोटी, एका मोठ्या आणि काही लहान देशांनी उभी केलेली ही संघटना होती.

पहिल्या काही वर्षांविषयी लिहिताना हात आखडतो, पण ती टाळता येत नाहीत. फिराने १९३६ मध्ये बर्लिनला, १९३७ मध्ये पॅरिसला आणि १९३८ मध्ये बुखारेस्टला स्पर्धा भरवल्या आणि तिन्ही फ्रान्सने जिंकल्या. जर्मनी तेव्हा फ्रान्सचा सर्वांत कठीण प्रतिस्पर्धी होता. मार्च १९३८ मध्ये फ्रँकफर्टला त्याने फ्रान्सला ३-० असं हरवलं होतं. या सामन्यांच्या आसपासचे झेंडे आणि सलाम कुणाचे होते, हे वेगळं सांगायला नको. खेळाची संघटना स्वतःला राजकारणापासून अलिप्त म्हणवत होती आणि नाझी राजवटीला पाहुण्यांसमोर मिरवायची आणखी एक संधी देत होती. पुढच्या काही वर्षांत त्या जर्मन संघातले कितीतरी खेळाडू युद्धात मेले आणि जर्मन रग्बी पुन्हा त्या उंचीवर कधीच पोहोचलं नाही. फिराच्या पायाशी हा भाग आहे, म्हणून मी तो पुस्तकात सविस्तर ठेवला आहे. संघटनेच्या गौरवाची प्रकरणं वाचायची तर हेही वाचायला हवं.

युद्धाच्या उंबरठ्यावर ब्रिटिशांनी फ्रान्सशी पुन्हा बोलणी सुरू केली आणि १९४७ मध्ये फ्रान्स पाच देशांच्या स्पर्धेत परतला. मोठ्या घरी पुन्हा प्रवेश मिळाल्यावर त्याने फिरा सोडून दिली असती, तर कुणाला नवल वाटलं नसतं. त्याने ती सोडली नाही. यात उदारपणा होता तसा मतलबही होता. आंतरराष्ट्रीय मंडळाने फ्रान्सला सदस्य करून घ्यायला १९७८ साल उजाडलं. तोवर ज्या दरबारात फ्रान्सला पहिलं आसन होतं, तो दरबार फिराचाच होता. फ्रेंच महासंघाचे बलदंड अध्यक्ष आल्बेर फेरास यांनी फिराचंही नेतृत्व केलं. लहान देशांविरुद्ध फ्रान्स बहुधा दुय्यम संघ पाठवी, पण पाठवत राही. सोव्हिएत संघ, पोलंड, स्पेन, मोरोक्को, ट्युनिशिया अशा देशांच्या खेळाडूंना अनेकदा आपल्यापेक्षा बऱ्याच वरच्या दर्जाच्या संघासमोर उभं राहायला मिळालं. लहान देशाला खेळ शिकवायचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

या मार्गाने सर्वांत दूरवर पोहोचला तो रोमानिया. त्याची कहाणी मी पुस्तकात सर्वांत लांब लिहिली आहे, कारण ती मला सर्वांत जास्त छळते. फ्रान्सशी दर वर्षी होणाऱ्या सामन्यातून हा देश घडत गेला. १९६० मध्ये बुखारेस्टला त्याने फ्रान्सला पहिल्यांदा हरवलं, ११-५. मग ते अधूनमधून घडू लागलं आणि फिराचं विजेतेपद रोमानियाने अनेकदा घेतलं. लष्कराचा स्तेआउआ आणि गृहखात्याचा दिनामो हे दोन क्लब राष्ट्रीय संघाला खेळाडू पुरवत. कागदोपत्री ते सैनिक आणि पोलीस होते, प्रत्यक्षात दिवसभर सराव करत. पश्चिमेकडच्या हौशी खेळाडूंना नोकरी सांभाळून खेळावं लागे, त्या काळात हा मोठाच फायदा होता. १९८३ मध्ये बुखारेस्टला वेल्सचा २४-६ असा फडशा पडला. १९८४ मध्ये पाच देशांच्या स्पर्धेत सगळे सामने जिंकून आलेला स्कॉटलंड बुखारेस्टला २८-२२ असा हरला. १९८८ च्या डिसेंबरमध्ये रोमानियाने थेट कार्डिफला जाऊन वेल्सला १५-९ असं नमवलं.

रोमानियाला सहावा देश म्हणून घ्यावं, अशी चर्चा त्या दशकात होत होती. घेतलं नाही. कार्डिफच्या विजयानंतर वर्षभराने, डिसेंबर १९८९ मध्ये, हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळली. त्या धुमश्चक्रीत राष्ट्रीय संघाचा कप्तान फ्लोरिका मुरारिऊ गोळी लागून मेला. तो लष्करात होता. सरकारी पाठबळ आटलं, लष्कराचे आणि पोलिसांचे क्लब खिळखिळे झाले, चांगले खेळाडू फ्रान्समधल्या क्लबांची वाट धरू लागले. ऑगस्ट १९९५ मध्ये रग्बी अधिकृतपणे व्यावसायिक झालं आणि ज्यांच्याकडे पैसा होता ते पुढे निघून गेले. नोव्हेंबर २००१ मध्ये ट्विकनहॅमवर इंग्लंडने रोमानियाला १३४-० असं हरवलं.

कार्डिफच्या विजयाला तेव्हा तेरा वर्षंही पूर्ण झाली नव्हती. राजवट पडली म्हणून रोमानियाचं रग्बी पडलं, असं सरसकट सांगितलं जातं. मला ते अर्धंच पटतं. ऐन बहरात असताना या संघाला दर वर्षी हक्काचे पाच मोठे सामने, त्यांचं उत्पन्न आणि दूरचित्रवाणीचा प्रेक्षक मिळाला असता, तर पडझडीच्या वर्षांत त्याला उभं राहायला काही आधार उरला असता. फिरा त्याला तिथवर घेऊन गेली. पुढचं दार तिच्या ताब्यात नव्हतं.

इटलीच्या बाबतीत ते दार उघडलं. २२ मार्च १९९७ रोजी ग्रनोबलला फिराच्या स्पर्धेचा अंतिम सामना झाला आणि इटलीने फ्रान्सला ४०-३२ असं हरवलं. आठवडाभर आधीच त्या फ्रान्सने पाच देशांच्या स्पर्धेतले सगळे सामने जिंकले होते. दुय्यम मानल्या गेलेल्या स्पर्धेतला हा एक निकाल इटलीच्या दाव्याचा सर्वांत मोठा पुरावा ठरला. रोममधली मोठी बाजारपेठ आणि तिथवर प्रवास करायला उत्सुक असलेला ब्रिटिश प्रेक्षक यांचाही वाटा त्यात होताच. २००० साली पाचाचे सहा झाले. पहिल्याच सामन्यात इटलीने स्कॉटलंडला ३४-२० असं हरवलं. पुढे याच इटलीने २०१५ ते २०२२ या काळात या स्पर्धेतले सलग ३६ सामने गमावले. त्या सबंध काळात त्याची जागा कुणी हलवली नाही, आणि हलवावी अशी तरतूदही नव्हती. मी इटलीच्या विरोधात नाही. मार्च २०२२ मध्ये कार्डिफला शेवटच्या क्षणी वेल्सला २२-२१ असं हरवून त्यांनी ती मालिका तोडली, तेव्हा मलाही भरून आलं होतं. इटलीला सुधारायला जो अवधी मिळाला, तो रोमानियाला का मिळाला नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

फिराने १९९९ मध्ये स्वतःला युरोपपुरतं मर्यादित करून घेतलं आणि २०१४ मध्ये ‘रग्बी युरोप’ हे नाव घेतलं. तोवर ती जागतिक संघटनेच्या सहा खंडीय शाखांपैकी एक झाली होती. तिचं रोजचं काम बाहेरून पाहणाऱ्याला कंटाळवाणं वाटेल. सर्वांत वर ‘चॅम्पियनशिप’, तिच्याखाली ‘ट्रॉफी’, तिच्याखाली ‘कॉन्फरन्स’ अशा पायऱ्यांवर देश वाटून घ्यायचे, खालच्यांना वर आणि वरच्यांना खाली न्यायचं. पंच नेमायचे, प्रशिक्षकांचे वर्ग घ्यायचे, तरुणांच्या आणि सात-सात जणांच्या ‘सेव्हन्स’च्या स्पर्धा भरवायच्या, विश्वचषकाची पात्रता ठरवायची. दोन देशांत युद्ध झालं असेल तर सामना कुठे घ्यायचा, हेही तिनेच पाहायचं. २००८ च्या युद्धानंतर जॉर्जिया आणि रशिया यांचा २०१० मधला सामना तुर्कस्तानातल्या ट्राबझोनला झाला, तो असाच. वेळापत्रक लावणं हे कारकुनी काम आहे असं समजणाऱ्याने लक्झेंबर्गच्या किंवा माल्टाच्या रग्बी संघटनेची जागा घेऊन पाहावी. पुढच्या वर्षी आपण कुणाशी आणि कधी खेळणार, हे आधी माहीत असणं ही त्यांच्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. त्यावर प्रायोजक मिळतो, सरकारी मदत मिळते, पोरांना देशाची जर्सी घालायचं स्वप्न दाखवता येतं.

हे काम बिघडलं की काय होतं, तेही पाहायला हवं. १८ मार्च २०१८. ब्रुसेल्समध्ये बेल्जियमविरुद्ध स्पेन. जिंकलं तर स्पेन १९९९ नंतर पहिल्यांदा विश्वचषकाला जाणार होता, हरलं तर ती जागा रोमानियाला मिळणार होती. या सामन्यावर रग्बी युरोपने पंच नेमला तो रोमानियाचा. संघटनेचे तेव्हाचे अध्यक्षही रोमानियाचेच. स्पेन १८-१० असा हरला. सामना संपताच त्याचे खेळाडू पंचाच्या अंगावर धावून गेले. ते अक्षम्यच होतं आणि त्याबद्दल त्यांना शिक्षाही झाल्या. पंचाने हेतुतः काही केलं, असं मी म्हणत नाही. ती नेमणूक मात्र मुळातच व्हायला नको होती. निवाडा करणाऱ्याचा निकालात हितसंबंध नसावा, हे कळायला नियमांचं पुस्तक उघडावं लागत नाही. १९३१ च्या पक्षपातातून जन्मलेल्या संघटनेला तरी ते कळायला हवं होतं.

पुढे जे झालं ते आणखी विलक्षण. चौकशी सुरू झाली तेव्हा खेळाडूंच्या पात्रतेचे कागद उघडले गेले. एका देशाच्या मुख्य, घोषित दुय्यम किंवा सेव्हन्स संघाकडून खेळलेल्या खेळाडूला तेव्हाच्या नियमाने दुसऱ्या देशाकडून सहसा खेळता येत नसे. स्पेनकडून खेळलेले दोघे पूर्वी फ्रान्सच्या वीस वर्षांखालील संघाकडून खेळले होते आणि फ्रान्सने त्या संघाला दुय्यम संघाचा दर्जा दिलेला होता. रोमानियाचा एक खेळाडू आधी टोंगाकडून सेव्हन्स खेळला होता. बेल्जियमच्याही काही खेळाडूंची पात्रता सिद्ध होईना. अपात्र खेळाडू खेळवलेल्या प्रत्येक सामन्यामागे पाच गुण कापले गेले, तेव्हा तक्त्यात स्पेनही खाली गेला आणि रोमानियाही. जागा मिळाली रशियाला. २०१९ च्या विश्वचषकाचा पहिला सामना टोकियोत जपानशी खेळला तो हाच रशिया. चार वर्षांनी, २०२२ मध्ये, स्पेनच्या संघातला आणखी एक खेळाडू अपात्र ठरला, पुन्हा गुण गेले आणि या वेळी थेट जागा रोमानियाला मिळाली. या प्रकरणांत स्पॅनिश संघटनेची बेफिकिरी उघड आहे. तरीही एक प्रश्न मी पुस्तकात लावून धरला आहे. हे कागद स्पर्धा सुरू होण्याआधी कुणी का तपासले नाहीत? खंडाच्या संघटनेचं काम निकालानंतर गुण कापण्यापुरतं असेल, तर मैदानावर घाम गाळलेल्या पोरांनी तिच्यावर भरवसा का ठेवावा?

२०२२ च्या त्या निर्णयाने आणखी एका देशाचं नशीब उघडलं. स्पेन खाली गेल्यामुळे पोर्तुगाल शेवटच्या पात्रता स्पर्धेत पोहोचला. नोव्हेंबरमध्ये दुबईत त्याने अमेरिकेशी १६-१६ अशी बरोबरी साधली आणि सरस गुणफरकावर फ्रान्समधल्या विश्वचषकाचं तिकीट मिळवलं. ८ ऑक्टोबर २०२३ रोजी तुलूझला त्याची गाठ पडली फिजीशी. फिजीने त्याच विश्वचषकात ऑस्ट्रेलियाला हरवलं होतं. शेवटच्या मिनिटांत रोद्रिगो मार्ताने ट्राय केला, सामुएल मार्केसने त्यावर कन्व्हर्जन मारलं आणि पोर्तुगाल २४-२३ असा जिंकला. विश्वचषकातला पोर्तुगालचा हा पहिलाच विजय होता. मैदानावर खेळाडू रडत होते. हा संघ एका वर्षात घडलेला नव्हता. रग्बी युरोपच्या पायऱ्या चढत-उतरत, खालच्या गटात घसरून पुन्हा वर येत, जॉर्जियाकडून मार खात तो तयार झाला होता.

जॉर्जिया हे या पुस्तकाचं दुसरं टोक. तिथे १९५९ मध्ये तिबिलिसीत झाक हास्पेकियान या आर्मेनियन वंशाच्या फ्रेंच माणसाने विद्यार्थ्यांना रग्बी शिकवायला सुरुवात केली. गावंच्या गावं एका चेंडूसाठी झुंजतात तो ‘लेलो बुर्ती’ हा खेळ जॉर्जियन लोक पिढ्यान्‌पिढ्या खेळत आले होते, त्यामुळे रग्बी त्यांना परकं वाटलं नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये तिबिलिसीच्या खचाखच भरलेल्या मैदानावर रशियाला हरवून जॉर्जिया पहिल्यांदा विश्वचषकाला गेला. २००७ मध्ये आयर्लंड त्याच्यापुढे जेमतेम १४-१० असं वाचलं. २०११ ते २०२५ या काळात युरोपच्या दुसऱ्या स्तराचं विजेतेपद फक्त एकदा, २०१७ मध्ये, रोमानियाकडे गेलं. बाकी प्रत्येक वर्षी ते जॉर्जियाचं होतं. या दोन देशांतल्या सामन्यासाठी २००२ पासून ‘अंतिम चषक’ आहे. तो जॉर्जियात जन्मून वलाखियाचा धर्मप्रमुख झालेल्या अंतिम इव्हिरिआनुल याच्या नावाचा. जुलै २०२२ मध्ये जॉर्जियाने बातुमीला इटलीला २८-१९ असं आणि त्याच नोव्हेंबरात कार्डिफला वेल्सला १३-१२ असं हरवलं.

आणि तरीही तो जिथे होता तिथेच आहे. युरोपच्या संघटनेच्या स्पर्धेत पहिला येणाऱ्याला वर जायला वाट नाही. सहाव्या क्रमांकाच्या देशाने खालच्या विजेत्याशी एक सामना खेळावा, एवढीच मागणी वर्षानुवर्षं होते आहे. सहा देशांची बाजूही समजून घ्यायला हवी. स्कॉटलंड, वेल्स किंवा इटली यांपैकी कुणी एक वर्ष खाली गेलं, तर त्या संघटनेचं सगळं अर्थकारण कोलमडेल. २०२१ मध्ये तर एका गुंतवणूक कंपनीने ‘सिक्स नेशन्स’चा सातवा हिस्सा विकत घेतला. तिने पैसे मोजले ते ठरावीक सहा नावांसाठी. ही भीती खरी आहे, पण तिची किंमत दर वर्षी दुसराच कुणीतरी मोजतो. जागतिक संघटनेतल्या मतांकडे पाहिलं, की ही कोंडी का सुटत नाही ते कळतं. २०२० मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक झाली, तेव्हा सहा देशांच्या प्रत्येक संघटनेला तीन मतं होती. रग्बी युरोपला, म्हणजे चाळीसेक देशांच्या वतीने, दोन. रोमानिया आणि जॉर्जिया यांना स्वतःचं एकेक मत होतं, ते धरूनही हिशोब बदलत नाही.

२०२६ पासून बारा देशांची ‘नेशन्स चॅम्पियनशिप’ आखली गेली आहे. युरोपातले सहा देश तिच्यात आपोआप आहेत. खालून वर येण्याची वाट २०३० पासून उघडेल, असं जाहीर झालं आहे. तिबिलिसीत २०११ मध्ये पहिला सामना पाहिलेला शाळकरी मुलगा तेव्हा तिशीकडे झुकलेला असेल. रग्बी युरोपने आपल्या बळावर जे करता येईल ते केलं आहे, हेही नमूद करतो. २०२३ मध्ये तिने पहिला गट आठ देशांचा केला, म्हणजे पोलंडसारख्यांनाही वरच्या पातळीची सवय लागावी. क्लबांसाठी सुपर कप सुरू केला. त्यात चमकलेल्या तिबिलिसीच्या ‘ब्लॅक लायन’ला पुढे पश्चिम युरोपातल्या क्लबांच्या चॅलेंज कपमध्ये जागा मिळाली. विश्वचषक २४ संघांचा झाल्यावर २०२७ साठी जॉर्जिया, स्पेन, रोमानिया आणि पोर्तुगाल हे चौघे तिच्या स्पर्धेतून पात्र झाले. दोनदा तोंडचा घास गेलेला स्पेन २८ वर्षांनी विश्वचषकात उतरेल.

हे सगळं मराठीत कशासाठी, असं कुणी विचारेल. आपल्याकडेही हा खेळ आहे आणि आपल्यालाही खंडाची संघटना आहे. मुंबईच्या बॉम्बे जिमखान्यावर रग्बीची परंपरा जुनी आहे, अखिल भारतीय स्पर्धा १९२४ पासूनची. आशियाची संघटना १९६८ मध्ये स्थापन झाली. जून २०१९ मध्ये मनिलाला भारताच्या मुलींनी सिंगापूरला २१-१९ असं हरवलं. पंधराजणींच्या रग्बीतला भारताचा तो पहिला आंतरराष्ट्रीय विजय. पुण्याची वहबीझ भरुचा त्या संघाची कप्तान होती आणि विजयाची पेनल्टी ओडिशाच्या सुमित्रा नायकने मारली. तो सामना आशियाई संघटनेच्या स्पर्धेतला होता. ती स्पर्धा नसती, तर या मुलींना पंधराच्या संघाने खेळायला कोणता देश मिळाला असता? जपान आता या खंडीय स्पर्धेच्या पलीकडे निघून गेला आहे, तेव्हा उरलेल्या आशियाचं पुढे काय, हा प्रश्न युरोपचा इतिहास वाचणाऱ्याला ओळखीचा वाटेल.

पुस्तकाची मांडणी सालवार आहे, फक्त महिलांच्या रग्बीचं प्रकरण मी शेवटी न ठेवता मध्ये, इटलीनंतर लगेच घेतलं आहे. त्याला कारण आहे. २००० सालापासून महिलांच्या स्पर्धेत स्पेन होता आणि तो मैदानावर तिथे शोभत होता. २००७ मध्ये त्याला बाहेर काढून इटलीला घेतलं गेलं. पुरुषांच्या स्पर्धेत जे सहा देश होते तेच महिलांच्याही स्पर्धेत असावेत, एवढंच कारण त्याला पुरलं. स्पेनच्या बायका तेव्हापासून खंडाच्या संघटनेच्या स्पर्धेत खेळतात, ती बहुतेक वर्षी जिंकतात आणि २०२५ च्या विश्वचषकालाही गेल्या. ज्यांना आकड्यांत आणि बैठकांच्या वृत्तांतांत रस नाही, त्यांनी हे प्रकरण आधी वाचावं, मग मागे जाऊन १९३१ कडे वळावं.